खालच्या खणातले साचे

बाईंनी साचा वर्तमानपत्रात गुंडाळला, खालच्या खणात पार मागे सारला, खण लावून घेतला आणि हात पुसत बाहेर येऊन डॉक्टरांना सांगितलं, "साचा फुटला."

दवाखान्यात पेशंट नव्हता. डॉक्टर खिडकीपाशी उभे राहून चष्मा पुसत होते. त्यांनी मान वळवली नाही. एवढंच विचारलं, "शिंप्याचा?"

"हो. हातातून निसटला."

"मग बोलवा परत. शुक्रवारी बोलवा."

बाईंनी फोन लावला. शिंपी आता शिवणकाम करत नव्हता, पण सगळे त्याला शिंपीच म्हणत, आणि बोलायला त्याला कारण लागत नसे. साचा फुटल्याचं ऐकून तो फोनवरच हसला. बाई कपबशांच्या दुकानात कामाला नाहीत हे दुकानदाराचं नशीब, असं म्हणाला. बाई हसल्या. दुसरं काय करणार?

आता खरं सांगायचं तर साचा फुटलेला नव्हता. चांगला धडधाकट होता. बाईंच्या हातून एकवीस वर्षांत एकही साचा फुटला नव्हता, टवका म्हणून उडाला नव्हता.

त्यांचं काम कवळ्या करण्याचं. पुढच्या खोलीत डॉक्टर पेशंटच्या हिरड्यांवर ओल्या लगद्याने भरलेला ट्रे दाबून धरत. लगदा घट्ट झाला की ट्रे बाहेर निघून मागच्या खोलीत बाईंकडे येई. हे झालं माप. बाई त्यात प्लास्टर ओतत, ते वाळलं की त्या माणसाचा जबडा जसाच्या तसा टेबलावर उभा राही. हा झाला साचा. मग त्यावर मेण चढवायचं, मेणात एकेक दात लावायचा. दात लावण्याआधी बाई पेशंटकडून त्याचा जुना फोटो मागून घेत. तरुणपणी पुढचा एक दात थोडा वाकडा असेल तर कवळीतही तो तसाच वाकडा लावत. नवी कवळी घालून माणूस घरी जाई आणि घरचे म्हणत, अगदी पूर्वीसारखा दिसतोस. वाकडा दात कुणाच्या लक्षातही येत नसे, आणि बाईंना त्याचाच आनंद होई.

माप डॉक्टरांनी घ्यायचं आणि साचा बाईंनी करायचा, हा दवाखान्याचा पहिल्या दिवसापासूनचा शिरस्ता होता. डॉक्टर बाईंच्या टेबलाला हात लावत नसत आणि बाई पेशंटच्या तोंडाला.

दोन वर्षांपूर्वी एक माप बाईंच्या हातात आलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. कडेची रेघ दुहेरी होती. लगदा घट्ट होत असताना ट्रे धरणारा हात हलला की असं होतं, माप ओढलं जातं. त्यावर केलेली कवळी हिरडी सोलून काढते. डॉक्टरांचं माप, आणि ओढलेलं? बाईंना आधी वाटलं, पेशंटच चुळबुळला असेल. आठवड्याने दुसरं तसंच आलं. त्या दिवशी चहा घेताना त्यांनी डॉक्टरांच्या हाताकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. डॉक्टर कप दोन्ही हातांनी धरत होते. कधीपासून, कोण जाणे.

सांगायचं कसं? डॉक्टर सत्तरीला आले होते. त्यांना बायको नव्हती, मुलंबाळं नव्हती, होता तो हा दवाखाना. बाईंनी रात्रभर विचार वगैरे काही केला नाही. त्या उठून गेल्या आणि तोंडाला आलं ते बोलल्या, "डॉक्टर, साचा फुटला माझ्याकडून. पुन्हा माप घ्यावं लागेल. चूक माझी, तर या वेळी ट्रे मी धरते. तुम्ही पेशंटकडे बघा."

डॉक्टर बरं म्हणाले. माप छान आलं.

तेव्हापासून हे असंच चाललं होतं. चूक स्वतःकडे घेतली की ट्रे धरायला मिळतो, हे बाईंना कळलं होतं. माप बिघडलं की साचा फुटायचा, पेशंट परत यायचा, बाई खाली मान घालून ट्रे धरायच्या. पेशंट कुरकुरत. एका आजींनी तर तोंडावर सांगितलं की अशा धांदरट बाईला डॉक्टरांनी ठेवलीच कशाला. डॉक्टर त्या वेळी हात धूत होते, ते काही बोलले नाहीत. ते बोलणं बाईंना फार लागलं. घरी जाऊन त्या ते उगाळत बसल्या नाहीत, पण विसरल्याही नाहीत.

बिघडलेले साचे फोडून टाकायला हवे होते, म्हणजे पुरावा उरला नसता. ते मात्र त्यांच्याने होईना. हातोडी हातात घेतली तरी खाली येत नसे. म्हणून खालचा खण. शिंप्याचा धरून तिथे आता अकरा साचे झाले होते.

अशातच बाईंना एक नवी नोकरी चालून आली, ती त्यांनी शोधलेली नव्हती. गावाबाहेर दातांची मोठी लॅब निघाली होती. शंभर दवाखान्यांचं काम तिथे येई. तिथल्या मॅनेजरने बाईंची एक कवळी कुठेतरी पाहिली आणि निरोप धाडला. पगार इथल्या जवळजवळ दुप्पट. शनिवार-रविवार सुट्टी. प्लास्टरची धूळ ओढून घेणारं यंत्र प्रत्येक टेबलाला.

बाईंचे यजमान बसमध्ये कंडक्टर होते. उभं राहून राहून त्यांचे गुडघे कामातून गेले होते. डेपोत पास तपासायची एक बैठी जागा रिकामी होती, साहेब द्यायला तयार होते, फक्त पगार बराच कमी होता. बाईंना नवी नोकरी लागली तर कंडक्टर बसणार, नाही तर आणखी सहा वर्षं उभे राहणार. हिशेब इतका सोपा होता की घरात तो कुणी मोठ्याने बोलून दाखवला नव्हता.

मंगळवारी बाई डोळे तपासून घ्यायचे आहेत असं सांगून अर्धा दिवस सुट्टीवर गेल्या आणि लॅबमध्ये जाऊन आल्या. मॅनेजर पोरसवदा होता, पण वागायला अदबशीर. त्याने त्यांना एका साच्यावर सहा दात लावायला दिले. बाईंनी ते लावले. मॅनेजर ते उजेडात फिरवून फिरवून बघत राहिला, मग त्याने दोघातिघांना बोलावून दाखवले. बाईंना फार दिवसांनी बरं वाटलं. इथे कुणी त्यांच्या हाताकडे धांदरट हात म्हणून बघत नव्हतं.

मग मॅनेजरने खुर्ची जरा पुढे ओढली. "ताई, एक विचारतो, राग मानू नका. आम्हाला प्लास्टर देणारा माणूस तुमच्याकडेही येतो. तो म्हणत होता, तुमच्या हातून साचे फार फुटतात."

मागच्या खोलीतली एक थाप हिंडत हिंडत गावाबाहेर पोचली होती आणि त्यांच्या आधी येऊन त्या खुर्चीत बसली होती.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. डॉक्टरांचा हात थरथरतो. पण या लॅबचं काम शंभर दवाखान्यांशी. इथे बोललेलं वाक्य संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या कानी गेलं असतं.

"फुटतात कधी कधी," बाई म्हणाल्या.

मॅनेजरला वाईट वाटलेलं दिसलं. त्याने समजावून सांगितलं की इथे एक साचा फुटला की पुढची तीन टेबलं अडून बसतात. तरी काम त्याला फार आवडलं होतं. शेवटी तो म्हणाला की डॉक्टरांचं एक पत्र आणा, बाईंच्या हाताबद्दल त्यांनी दोन ओळी लिहून दिल्या तर वरच्यांना दाखवता येईल. शुक्रवार संध्याकाळपर्यंत आणा, मग त्याच्या हातात काही राहणार नाही.

घरी कंडक्टर पाय कोमट पाण्याच्या बादलीत सोडून बसले होते. बाईंनी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग त्यांचा पारा चढला. दोन वर्षं लोकांची बोलणी खाल्लीस, ती तुझी हौस म्हणून सोडून दिली, पण आता चालून आलेली नोकरी घालवायला निघालीस, असं ते बोलले. आणखीही बरंच बोलले. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता.

"अहो, त्यांना सांगू कसं?" शेवटी त्या म्हणाल्या. "एकवीस वर्षं झाली. मला काम त्यांनी शिकवलं."

"मग नको सांगूस," कंडक्टर म्हणाले. "मी आहे अजून धडधाकट."

त्यांनी पाय बादलीतून काढले आणि भिंतीला धरून उठले. उठताना तोंडातून आवाज निघू नये म्हणून त्यांनी ओठ आवळलेले बाईंना दिसले. बाईंना डॉक्टरांचा राग आला. चांगला सणसणीत आला, आणि राग आला याची लाजही वाटली नाही.

बुधवारी सकाळी त्या एप्रन न बांधताच डॉक्टरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. दुसरीकडे नोकरी मिळते आहे, त्यांना तुमचं पत्र हवं आहे, माझ्या कामाबद्दल, असं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. साच्यांचं नाव काढलं नाही.

डॉक्टरांनी पेन स्टँड स्वतःकडे ओढला. "काय लिहू?" त्यांनी विचारलं.

"जे असेल ते लिहा."

बाई मागच्या खोलीत आल्या आणि आपण काय बोलून बसलो हे त्यांच्या ध्यानात आलं. जे असेल ते, म्हणजे काय? डॉक्टरांच्या लेखी असलेलं ते की खरोखर असलेलं? डॉक्टरांनी भाबडेपणाने लिहून दिलं की बाई गुणी आहेत पण साचे जरा फोडतात, तर तेही त्यांच्या परीने खरंच.

गुरुवारी पत्र आलं नाही. दुपारभर त्यांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. पेशंट दोनच होते आणि दोघांनाही त्यांनी दुसऱ्या दिवशी या म्हणून सांगितलं. कचऱ्याच्या डब्यात बाईंना चुरगळलेले कागद दिसले, बरेच. बाईंनी ते उलगडले नाहीत. त्यांनी ठरवून टाकलं की म्हातारा आपल्याला जाऊ देणार नाही. संध्याकाळी घरी त्यांनी कंडक्टरांना सांगितलं की पत्राचं काही खरं दिसत नाही. कंडक्टर बरं म्हणाले आणि दुसऱ्या दिवसाचा युनिफॉर्म इस्त्री करायला घेतला.

शुक्रवारी सकाळी बाईंनी टेबल बघितलं, खिडकी बघितली, एप्रनचा खिसाही चाचपला. पत्राचं पाकीट कुठेच नव्हतं. विचारायचं नाही असं ठरवूनच आल्या होत्या, तरी दहाच्या सुमारास त्यांनी दारातून डोकं आत घातलंच.

डॉक्टर हातमोजे चढवत होते. ते वर न बघता म्हणाले, "पत्र ठेवलंय बाई. तुमच्या खालच्या खणात."

बाई परत आल्या आणि त्यांनी खण ओढला. अकरा साचे वर्तमानपत्रासकट ओळीने नीट लावलेले होते, बाईंनी कोंबले होते तसे नव्हे. त्यावर पाकीट होतं.

दोन वर्षांत डॉक्टरांनी हाताने लिहिलेलं बाईंनी पाहिलं नव्हतं. औषधाच्या चिठ्ठ्या ते संगणकावर काढत, खाली शिक्का मारत. हे पत्र हाताने लिहिलेलं होतं. अक्षरं ओळ सोडून वरखाली गेलेली, काही ठिकाणी पेन अडखळून कागद फाटलेला. मजकूर असा होता:

'माझ्याकडे या एकवीस वर्षं काम करत आहेत. या काळात यांच्या हातून एकही साचा फुटलेला नाही. साचा फुटला असं ज्या ज्या वेळी सांगण्यात आलं, त्या त्या वेळी मी घेतलेलं माप चुकलेलं होतं. माझा हात कापतो. हे पत्र कुणालाही दाखवण्यास माझी हरकत नाही.'

खाली सही. शिक्का मारलेला नव्हता.

बाईंनी ते दोनदा वाचलं. रडू येईल असं त्यांना वाटलं होतं, पण आधी वर आला तो राग. पत्र हातात घेऊनच त्या पुढच्या खोलीत गेल्या.

"तुम्हाला माहीत होतं."

"पहिल्या दिवसापासून," डॉक्टर म्हणाले. "फुटलेल्या साच्याचे तुकडे पडतात, बाई. तुमच्या केरात तुकडे कधी दिसले नाहीत."

"मग बोलला का नाहीत? ती आजी मला काय काय बोलली. तुम्ही तिथेच उभे होता."

डॉक्टरांनी हातमोजा काढला आणि परत घालायला घेतला. बोटं जागच्या जागी जाईनात. "बोललो असतो तर दवाखाना बंद करावा लागला असता," ते म्हणाले. "मला तो बंद करायचा नव्हता. म्हणून तुम्हाला बोलणी खाऊ दिली."

सारवासारव केली असती तर बाईंना आणखी चार शब्द सुनावता आले असते. हे असं सरळ सांगितल्यावर त्यांनी पत्राची घडी घालून ते एप्रनच्या खिशात ठेवलं. त्यांनी विचारलं, आता पुढे काय? डॉक्टर म्हणाले की हातातली कामं महिनाअखेरपर्यंत उरकतील, घरमालकाला कळवून झालं आहे. पत्र लिहायला दोन दिवस लागले, तेवढ्यात तेही ठरवून टाकलं.

मग बेल वाजली आणि शिंपी आला.

येता येताच त्याचं तोंड सुरू झालं. आज बाईंना दोन्ही हातांत काही देऊ नका, साचा दोरीने टेबलाला बांधून ठेवा, वगैरे. खुर्चीत बसून त्याने गळ्याभोवती स्वतःच फडकं बांधलं, ते डॉक्टरांनी बांधलेलं त्याला कधी पसंत पडत नसे.

बाई सवयीने पुढे झाल्या. फुटलेल्या साच्याचं दुसरं माप, म्हणजे ट्रे तोंडात बसवायचा डॉक्टरांनी आणि धरायचा बाईंनी. पण डॉक्टरांनी लगदा कालवून ट्रेमध्ये भरला आणि तो बाईंपुढे केला. स्वतः बाजूला सरून उभे राहिले.

"तुमचा साचा फुटला नव्हता," ते शिंप्याला म्हणाले. "माझा हात हलला होता. आज माप बाई घेतील."

शिंप्याने तोंड उघडलं. तो काहीतरी बोलणार होता, नक्कीच बोलणार होता. त्याने डॉक्टरांच्या हाताकडे बघितलं आणि तोंड तसंच उघडं ठेवलं. बाईंनी ट्रे आत बसवला.

तीन मिनिटं हलायचं नसतं. बाईंची दोन बोटं ट्रेवर स्थिर होती. आयुष्यात पहिल्यांदा त्या डॉक्टरांच्या जागी उभ्या होत्या आणि डॉक्टर त्यांच्या. येत्या एक तारखेला त्या गावाबाहेरच्या लॅबमध्ये रुजू होणार होत्या, कंडक्टर त्याच आठवड्यात डेपोतल्या खुर्चीवर बसणार होते. आज जाताना पत्र पोचतं करायचं होतं. ते एप्रनच्या खिशात होतं आणि वाकल्यावर पोटाला टोचत होतं. त्याची एक नक्कल काढून डॉक्टरांचं नाव-गाव झाकता येईल का, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. मग त्यांना हरकत नसल्याची शेवटची ओळ आठवली.

पेशंटला चूळ भरायला पाण्याचा पेला धरून उभं राहायचं काम आजवर कुणाचं असं ठरलेलं नव्हतं. पेला नेहमी खुर्चीच्या बाजूला ठेवलेला असे. आज डॉक्टरांनी तो उचलून हातात घेतला होता. दोन्ही हातांनी धरला होता, तरी पाणी काठावरून त्यांच्या बोटांवर सांडत होतं.

शिंपी छताकडे बघत राहिला. बाईंनी घड्याळाकडे बघितलं, अजून एक मिनिट बाकी होतं.